परदेश प्रवासासाठी विश्वासार्ह गाइडबुक कसे निवडावे : जपानच्या सहलीचे उदाहरण घेऊन

पहिल्यांदा परदेशी निघालेला प्रवासी विमानाच्या तिकिटांचे दर महिनाभर रोज पाहतो, हॉटेलांबद्दलचे बरेवाईट अभिप्राय रात्री जागून वाचतो आणि गाइडबुक मात्र अखेरच्या आठवड्यात, मुखपृष्ठ आवडले म्हणून उचलतो. वास्तविक हजार-दोन हजार रुपयांचे हे पुस्तक पुढच्या काही लाखांच्या खर्चाला वळण देत असते. कोणत्या शहरात किती दिवस थांबावे, रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत, कोणते स्थळ गाळले तरी चालेल, हे निर्णय त्याच्या भरवशावर घेतले जातात, आणि पुस्तक चुकीचे असेल तर चूक कळेपर्यंत आपण परक्या देशातल्या स्थानकावर उभे असतो.

मोबाइलवर सगळे फुकट मिळत असताना पुस्तक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. चांगल्या गाइडबुकात हजार गोष्टींतून शंभर निवडण्याचे काम एखाद्या जाणकाराने आधीच करून ठेवलेले असते आणि त्या निवडीखाली त्याचे नाव, प्रकाशकाचे नाव व साल छापलेले असते, म्हणजे जबाबदारी कोणाची हे वाचकाला ठाऊक असते. म्हणूनच पुस्तकाची पारख करताना तीन प्रश्न विचारायचे: ते कधी लिहिले, कोणी लिहिले आणि कोणासाठी लिहिले? पहिले दोन प्रश्न बहुतेकांना सुचतात. तिसरा आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही, आणि भारतीय प्रवाशाची सर्वाधिक अडचण तिथेच होते.

या लेखात उदाहरण म्हणून जपान घेतला आहे. गेल्या काही वर्षांत तिथल्या प्रवासाच्या व्यवस्था इतक्या बदलल्या आहेत की जुने पुस्तक आणि नवे पुस्तक यांतला फरक दुकानात उभ्या उभ्या ओळखता येतो. देश दुसरा असला तरी पद्धत हीच राहील, फक्त कसोटीचे मुद्दे त्या देशाचे शोधावे लागतील.

आधी सहल ठरवा, मग पुस्तक

पुस्तकांच्या फळीसमोर उभे राहण्यापूर्वी आपल्या सहलीचा आराखडा अर्ध्या पानावर लिहून काढावा: किती दिवस, कोणती शहरे, सोबत कोण, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सहल आपली आपण करणार की पर्यटन कंपनीबरोबर जाणार. कंपनीबरोबर जाणाऱ्याला हॉटेल, बस आणि जेवण यांची माहिती देणारी दोनशे पाने निरुपयोगी असतात. त्याला इतिहास, देवळांची रचना, चालीरीती आणि भरपूर चित्रे असलेले पुस्तक हवे. स्वतः फिरणाऱ्याचे मात्र वाहतुकीच्या प्रकरणावाचून अडते.

दुसरा निर्णय आवाक्याचा. टोकियो, क्योटो, ओसाका आणि हिरोशिमा एवढेच दहा दिवसांत पाहायचे असेल, तर होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत साऱ्या देशाला कवेत घेणाऱ्या जाडजूड ग्रंथातला मोठा भाग आपण नुसताच वाहून नेणार असतो. तरीही आराखडा पक्का होण्याआधी देशव्यापी पुस्तक चाळणे उपयोगाचे ठरते, कारण क्योटोतला एक दिवस कमी करून कानाझावाला जावे का, हा प्रश्न केवळ क्योटोवरचे पुस्तक वाचून कधी पडणारच नाही. देशव्यापी पुस्तक घरी किंवा ग्रंथालयात वाचावे आणि सोबत शहरापुरते छोटे पुस्तक न्यावे, हा मार्ग मला सर्वांत सोयीचा वाटतो.

गाइडबुकासारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूही वेगळ्या ठेवाव्यात. मराठीत प्रवासवर्णनाची परंपरा मोठी आहे आणि जपानवर आपल्याकडे उत्तम लिहिले गेले आहे. ते जरूर वाचावे, पण स्थानकाच्या कोणत्या दारातून बाहेर पडायचे हे सांगण्याचे बंधन प्रवासवर्णनकारावर नसते. दुसरी वस्तू म्हणजे पर्यटन खात्यांच्या फुकट पुस्तिका. जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेचे कार्यालय दिल्लीत आहे. अशा संस्थांचे नकाशे आणि पत्रके चांगली असतात व ती घ्यावीतच. मात्र अमुक ठिकाणी गेला नाहीत तरी चालेल, असे कोणतेही सरकारी पर्यटन खाते लिहिणार नाही, आणि गाइडबुकाची खरी किंमत नेमकी त्या वाक्यात असते.

मालिकांचा स्वभाव ओळखा

आजच्या गाइडबुकाचा साचा एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जॉन मरे यांनी आणि जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी घडवला. मरे यांची युरोप खंडाची हँडबुक १८३६ साली निघाली. महत्त्वाच्या स्थळापुढे तारा छापण्याची पद्धत बेडेकरच्या पुस्तकांनी लोकप्रिय केली. टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीने १९२६ पासून प्रवासाची हिरवी पुस्तके काढली आणि तीन ताऱ्यांची उतरंड रूढ केली. या ताऱ्यांचा परिणाम केवढा असतो याचे उदाहरण टोकियोजवळच आहे: ताकाओ नावाच्या बेताच्या उंचीच्या डोंगराला मिशेलिनने तीन तारे दिले आणि तिथे परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. तारा पाहून जाणाऱ्याने तारा पाहून आलेल्या गर्दीचीही तयारी ठेवावी.

आज दुकानात दिसणाऱ्या मालिकांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. लोनली प्लॅनेटची सुरुवात १९७३ मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर या दांपत्याने कमी खर्चात आशिया ओलांडणाऱ्या प्रवाशांसाठी केली. भर व्यवहारी माहितीवर होता, पण अलीकडच्या मांडणीत हॉटेल-रेस्टॉरंटांच्या लांबलचक याद्या कमी झाल्या आहेत. रफ गाइड्सची मालिका १९८२ मध्ये ग्रीसवरच्या पुस्तकाने सुरू झाली. इतिहास, राजकारण आणि समाज यांवरचे विस्तृत लेखन ही तिची जुनी ओळख आहे. डीके आयविटनेसच्या पुस्तकांत इमारती आतून उघडून दाखवणारी चित्रे असतात. वयस्क आईवडील किंवा शाळकरी मुले बरोबर असतील तर ती घरातल्या सगळ्यांच्या हाती फिरतात, पण केवळ त्यांच्या भरवशावर स्वतंत्र सहल आखणे कठीण जाते. ब्रॅटची पुस्तके कमी परिचित देशांसाठी नावाजलेली आहेत. चालत किंवा डोंगरात फिरणाऱ्यांसाठी सिसरोनसारख्या मालिका आहेत आणि तिथे सर्वसाधारण गाइडबुक चालवून घेऊ नये.

नावावर मात्र विसंबून राहू नये, कारण नाव तेच राहते आणि मालक बदलतात. लोनली प्लॅनेटचा मोठा हिस्सा २००७ मध्ये बीबीसीच्या व्यापारी शाखेने घेतला, २०१३ मध्ये ती संस्था एका अमेरिकी कंपनीकडे गेली आणि २०२० मध्ये पुन्हा दुसरीकडे. अमेरिकेतील फ्रॉमर्स ही मालिका २०१२ मध्ये गुगलने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिचे संस्थापक आर्थर फ्रॉमर यांनी ती परत मिळवली. मालक बदलला की लेखकांचे मानधन, प्रत्यक्ष फिरण्याचे दिवस आणि आवृत्त्यांमधले अंतर हे सगळे बदलू शकते. ‘आमच्या वेळी हेच पुस्तक उत्तम होते’ ही शेजारच्या काकांची शिफारस वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाबद्दल असते, हे लक्षात ठेवावे.

पुस्तकाचे वय काढा

मुखपृष्ठावरची तारीख विकण्यासाठी असते. खरी तारीख आतल्या प्रकाशन-तपशिलाच्या पानावर असते. हे पान सहसा शीर्षकपानाच्या मागे, तर काही मालिकांत पुस्तकाच्या अगदी शेवटी छापतात. तिथे तीन गोष्टी पाहाव्यात: ही कितवी आवृत्ती आहे, ती कोणत्या महिन्यात निघाली आणि हे केवळ पुनर्मुद्रण तर नाही ना. पुनर्मुद्रणात कागद नवा असतो, मजकूर जुनाच असतो. ई-पुस्तकाच्या बाबतीत विक्रीच्या पानावर दिसणारी तारीख फाइल चढवल्याची असू शकते, म्हणून नमुन्याची पाने उघडून आतली तारीखच वाचावी. शिवाय लेखक त्या देशात फिरतो, परत येऊन लिहितो, मग संपादन, नकाशे, छपाई आणि जहाजाने वाहतूक, असे होत होत पुस्तक भारतातल्या दुकानात पोहोचते. त्यामुळे अगदी नव्या आवृत्तीतली माहितीसुद्धा साधारण वर्षभर तरी जुनी धरूनच चालावे.

छापलेल्या तारखेपेक्षा खात्रीची कसोटी मजकुरात असते. त्या देशात अलीकडे झालेले चार-पाच ठळक बदल आधी टिपून घ्यावेत आणि पुस्तकात ते आले आहेत का ते पाहावे. जपानसाठी कसोटीचे मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत.

टोकियोतला त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये टोयोसूला हलवला गेला. ट्यूना माशांचा लिलाव पाहायला पहाटे त्सुकिजीला जा, असे सांगणारे पुस्तक तिथेच मिटावे. त्सुकिजीच्या बाहेरच्या गल्ल्यांतली दुकाने व खाण्याच्या जागा अजूनही आहेत, त्यामुळे चांगले पुस्तक या दोन ठिकाणांतला फरक नीट समजावून सांगते. ओकिनावातल्या शुरी किल्ल्याचे मुख्य दालन ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी आगीत भस्मसात झाले. त्या आगीचा उल्लेखच नसेल, तर त्या पानाला त्यानंतर कोणाचा हात लागलेला नाही. टीमलॅब बॉर्डरलेस हे प्रकाशकलेचे लोकप्रिय संग्रहालय टोकियोतल्या ओदाइबा भागातून निघून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच शहरातल्या अझाबुदाई हिल्स येथे सुरू झाले.

याहून बारीक कसोटी रेल्वेची आहे. होकुरिकू शिंकान्सेन (शिंकान्सेन म्हणजे जपानची अतिवेगवान बुलेट ट्रेन) १६ मार्च २०२४ रोजी कानाझावाच्या पुढे त्सुरुगापर्यंत वाढवण्यात आली आणि त्याच दिवसापासून ओसाकाहून कानाझावाला थेट जाणारी थंडरबर्ड गाडी त्सुरुगालाच संपू लागली. आता तिथे उतरून शिंकान्सेन पकडावी लागते. ओसाका ते कानाझावा थेट गाडी आहे, असे लिहिणारे पुस्तक खोटे बोलत नसून २०२३ सालात अडकले आहे. क्योटोचा फक्त बसपुरता एक दिवसाचा स्वस्त पास सप्टेंबर २०२३ अखेर विक्रीतून काढला गेला आणि आता भुयारी रेल्वे व बस यांचा एकत्रित पास घ्यावा लागतो, हेही असेच तपासून पाहण्यासारखे आहे.

या सगळ्यांत जपान रेल पासचे, म्हणजे ठरावीक दिवस देशभर रेल्वेने फिरू देणाऱ्या पासचे, उदाहरण अधिक बोलके आहे, कारण जुन्या पुस्तकातला आकडा चुकतो तेव्हा त्याच्यावर उभा असलेला सल्लाही कोसळतो हे त्यातून दिसते. साध्या डब्याचा सात दिवसांचा पास पूर्वी २९,६५० येनला मिळत असे. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचे एकेरी भाडे सुमारे १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन साधारण २८,०००. त्यात हिरोशिमाची एखादी फेरी धरली की पास सहज परवडत असे. म्हणून त्या काळातली बहुतेक पुस्तके ‘डोळे मिटून पास घ्या’ असे सांगत. १ ऑक्टोबर २०२३ पासून हाच पास ५०,००० येन झाला. आता टोकियो-क्योटो एवढाच जाऊन-येऊन प्रवास करणारे चौकोनी कुटुंब जुना सल्ला ऐकून पास घेईल तर माणशी वीस हजारांहून अधिक येन वाया घालवेल. जुन्या पुस्तकात पेनाने नवी किंमत लिहून भागत नाही, ते याच कारणाने. चांगले पुस्तक फक्त पासची किंमत छापत नाही. कोणत्या मार्गाला तो परवडतो याचा हिशेब मांडून दाखवते, म्हणजे किंमत पुन्हा बदलली तरी वाचक स्वतः बेरीज करू शकतो.

याचा अर्थ जुनी आवृत्ती रद्दीत घालावी असा नाही. नारा येथील देवळांचा इतिहास, झेन बागांची मांडणी, सार्वजनिक स्नानगृहातले शिष्टाचार हे दहा वर्षांत बदलत नाहीत. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर किंवा ओळखीच्यांच्या कपाटात मिळणारी जुनी प्रत या वाचनासाठी उत्तम; गाडी, तिकीट, वेळ आणि दर यांसाठी मात्र तिला हात लावू नये.

लिहिणारा माणूस शोधा

दुसरा प्रश्न लेखकाचा. नामांकित पुस्तकांत लेखकांची ओळख छायाचित्रासह दिलेली असते आणि कोणी कोणता प्रदेश लिहिला हेही बहुधा नोंदवलेले असते. जपानमध्ये अनेक वर्षे राहिलेला किंवा जपानी बोलणारा लेखक असेल तर ती जमेची बाजू. प्रकाशक लेखकांना फुकट खोल्या आणि जेवणे स्वीकारू देतो का, यासंबंधीचे धोरण प्रस्तावनेत किंवा शेवटच्या पानांत दिलेले असते. ते एकदा वाचावे.

नामांकित नाव असले तरी प्रश्न विचारावेतच. २००८ मध्ये लोनली प्लॅनेटच्या एका लेखकाने, कोलंबियावरच्या पुस्तकासाठी आपण त्या देशात गेलोच नव्हतो, असे जाहीरपणे सांगितले आणि गदारोळ झाला. त्याच्याकडे केवळ इतिहासाचे प्रकरण सोपवले होते आणि प्रत्यक्ष फिरण्याचे काम इतर लेखकांनी केले होते, असा खुलासा प्रकाशकाने केला. त्या वादात कोण बरोबर हे बाजूला ठेवले तरी वाचकाने त्यातून एक गोष्ट उचलावी: कोणत्या लेखकाने कोणता भाग प्रत्यक्ष पाहिला, हे सांगणारे पुस्तक न सांगणाऱ्या पुस्तकापेक्षा बरे.

आता मात्र त्याहून मोठी अडचण उभी आहे, ती म्हणजे नसलेल्या लेखकांची पुस्तके. ऑनलाइन बाजारात कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या गाइडबुकांचा सुळसुळाट झाल्याचे वृत्त ऑगस्ट २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिले. अशा पुस्तकांवर एखाद्या प्रसिद्ध लेखकाशी मिळतेजुळते नाव, तरतरीत छायाचित्र आणि पंचतारांकित अभिप्रायांची रास असे. आत मात्र सर्वज्ञानकोशातून उचलल्यासारखी सर्वसाधारण वाक्ये असत. त्यानंतर महिन्याभरात ॲमेझॉनने एका खात्यावरून दिवसाला जास्तीत जास्त तीन नवी पुस्तके चढवण्याची मर्यादा घातली. या मर्यादेवरूनच पुराची कल्पना यावी.

अशी पुस्तके ओळखणे फारसे अवघड नाही. लेखकाचे नाव शोधून पाहावे. त्याचे दुसरे कोणतेही लेखन, मुलाखत किंवा ओळख सापडत नसेल आणि त्याने एकाच वर्षात जपान, पोर्तुगाल, आइसलँड व पेरू अशा देशांवर पुस्तके ‘लिहिली’ असतील, तर उत्तर मिळाले. प्रकाशकाच्या जागी फक्त ‘स्वतंत्रपणे प्रकाशित’ असे असेल तर सावध व्हावे, पण तेवढ्यावरून पुस्तक बाद करू नये, कारण एखाद्या प्रदेशाचा खरा जाणकारही स्वखर्चाने पुस्तक काढू शकतो. पुस्तकावर छापला जाणारा आयएसबीएन हा ओळख-क्रमांक असणे हा कशाचाच पुरावा नाही, तो कोणालाही मिळतो. नकाशे नसणे, आतली छायाचित्रे नसणे, सगळी रेस्टॉरंटे ‘अविस्मरणीय’ आणि सगळे सूर्यास्त ‘मंत्रमुग्ध करणारे’ असणे, ही लक्षणे एकत्र दिसली की पुढे जावे. अभिप्राय वाचताना पाच तारे सोडून दोन आणि तीन तारे देणाऱ्यांचे म्हणणे वाचावे. कोणत्या पानावर काय चुकले ते हेच लोक सांगतात.

नमुन्याची पाने कशी वाचावीत

प्रत हातात असो वा पडद्यावर, प्रस्तावना आणि रंगीत पाने सोडून थेट एखाद्या किचकट ठिकाणाचे पान उघडावे. टोकियोतल्या शिंजुकू स्थानकाला दोनशेहून अधिक दारे आहेत. तिथून एखाद्या जागी कसे जायचे हे सांगताना पुस्तक दाराचे नाव किंवा क्रमांक देते की ‘स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर’ असे म्हणून मोकळे होते, यावरून लेखक तिथे पायी फिरला की नाही ते कळते. स्थळांची नावे जपानी लिपीतही छापली आहेत का, हे पाहावे. पाटी जुळवण्यासाठी आणि वाट विचारताना पान समोर धरण्यासाठी त्याचा फार उपयोग होतो. नकाशावर प्रमाण आणि उत्तर दिशा असावी आणि मजकुरातले स्थळ नकाशावर सापडावे.

बंद असण्याचे वार हीदेखील सोपी परीक्षा आहे. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयासारखी अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि सोमवारी सार्वजनिक सुटी आली तर त्याऐवजी दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. केवळ ‘सोमवारी बंद’ लिहिणारे पुस्तक अर्धे काम करते. शेवटी, लेखक कुठे नाके मुरडतो का ते शोधावे. एखादे स्थळ गर्दीमुळे दुपारी टाळा, अमुक देखावा फुकटच्या मनोऱ्यावरूनही तितकाच चांगला दिसतो, असे काही पुस्तकात कुठेच नसेल, तर ती जाहिरात आहे.

हे पुस्तक आपल्यासाठी लिहिले आहे का?

मरे यांच्याच संस्थेने १८५९ मध्ये मद्रास व मुंबई इलाख्यांची हँडबुक काढली, ती इंग्रज प्रवाशाला समोर ठेवून. त्यात काही गैर नव्हते. गाइडबुक नेहमी कोणालातरी समोर ठेवूनच लिहिले जाते. आज आपल्याला मिळणारी बहुतेक इंग्रजी गाइडबुके ब्रिटिश, अमेरिकी किंवा ऑस्ट्रेलियन वाचकासाठी लिहिलेली असतात, आणि भारतीय वाचकाने ती तेवढे भान ठेवून वाचली पाहिजेत.

पहिला फरक पासपोर्टचा. पर्यटनासाठी जपानला व्हिसा लागत नाही, असे वाक्य या पुस्तकांत सर्रास आढळते आणि ते ब्रिटिश किंवा अमेरिकी पासपोर्टधारकांपुरते खरे आहे. भारतीय पासपोर्टधारकाला व्हिसा लागतोच. व्हिसासंबंधीचे पान भारतीय वाचकाने सरळ वगळावे आणि दूतावासाच्या संकेतस्थळावरची माहितीच प्रमाण मानावी. दुसरा फरक विजेचा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचे असते. अमेरिकी लेखक आपल्या वाचकाला ‘अडॅप्टरची गरज नाही’ असे सांगतो, कारण त्याची पिन तिथे बसते. आपली गोल पिन बसत नाही. मोबाइलचा चार्जर अडॅप्टर लावून चालतो, पण खिचडीसाठी घेतलेला २३० व्होल्टचा इलेक्ट्रिक कुकर तिथे धड तापणार नाही.

तिसरा आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक जेवणाचा आहे. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाचे सार असते, ते बहुधा वाळवलेल्या, धुरावलेल्या बोनिटो माशाच्या पातळ सालींपासून करतात, आणि मिसो सूपपासून उदोन या जाड नूडल्सच्या रश्शापर्यंत अनेक पदार्थांत ते असते. वरून फक्त भाज्या आणि टोफू दिसतात. ‘शाकाहारींसाठी टोफूचे पदार्थ विपुल आहेत’ असे एका ओळीत सांगून मोकळे होणारे पुस्तक पक्क्या शाकाहारी कुटुंबाच्या कामाचे नाही. चांगले पुस्तक दाशीबद्दल स्पष्ट इशारा देते, मासा चालत नाही हे सांगणारे जपानी वाक्य छापून देते आणि बौद्ध मठांतल्या शोजिन रियोरी या जेवणाची माहिती देते. कोयासानच्या डोंगरावरील मंदिरांत मुक्काम केला तर हे जेवण मिळते. पारंपरिक पद्धतीत त्यात कांदा-लसूणही नसतो. जैन वाचकांनी मात्र त्यात मुळ्यासारखी कंदमुळे असतात हे ध्यानात घ्यावे, कारण ते कोणतेही इंग्रजी गाइडबुक त्यांना बहुधा सांगणार नाही.

औषधांचे पानही याच नजरेने पाहावे. सर्दीवरच्या काही औषधांत असणारे स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून अधिक असेल तर ते औषध जपानमध्ये नेण्यास मनाई आहे, आणि रोजच्या गोळ्या एका महिन्याहून अधिक काळासाठी न्यायच्या असतील तर आधी परवानगी काढावी लागते. आईवडिलांची औषधे बांधण्यापूर्वी हे सांगणारे पुस्तक निवडावे.

आपल्या गावावर परीक्षा घ्या

जपान आपण पाहिलेला नाही, मग पुस्तक खरे बोलते की नाही हे कसे ओळखायचे? उपाय सोपा आहे. त्याच मालिकेचे भारतावरचे पुस्तक ग्रंथालयात किंवा दुकानात उघडावे आणि आपल्याला पाठ असलेल्या ठिकाणाचे पान वाचावे. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, हे नीट दिले आहे का? अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यापाशी सोडून पुढे बसने जावे लागते, हे लिहिले आहे का? छत्रपती संभाजीनगर हे नवे नाव आले आहे का? वेरूळ शहरापासून तीस किलोमीटरवर आणि अजिंठा शंभरच्या आसपास, तेव्हा दोन्ही एका दिवसात उरकू नका, असा सल्ला दिला आहे का? पुणे, कोल्हापूर किंवा पणजी जवळची असतील तर त्यांच्या पानांवर हेच करावे. आपल्या अंगणात ज्याने चार चुका केल्या, त्याच्यावर क्योटोत विश्वास ठेवण्याचे कारण नाही. प्रत्येक पुस्तकाचे लेखक निराळे असतात, हे खरे. पण संपादनाची शिस्त मालिकेची असते आणि ती या परीक्षेत दिसून येते.

खरेदी आणि त्यानंतर

छापील की ई-पुस्तक, यावर फार वेळ घालवू नये. मोबाइलवर नकाशाची पाने वाचणे त्रासाचे असते, छापील पुस्तक जड असते; टॅब्लेट जवळ असेल तर ई-पुस्तक, नसेल तर छापील. मुख्य पुस्तक एकच घ्यावे. दोन सारख्या पुस्तकांपेक्षा एक व्यवहारी पुस्तक आणि एक इतिहास-संस्कृतीवरचे पुस्तक ही जोडी अधिक उपयोगी पडते. नवी आवृत्ती पुढच्या दोन-तीन महिन्यांत येणार असल्याचे प्रकाशकाच्या संकेतस्थळावर दिसले आणि सहल त्यानंतरची असेल, तर थांबावे.

खरेदीचा योग्य काळ म्हणजे विमानाची तिकिटे काढण्याआधीचा. कोणत्या शहरात उतरावे आणि कोणत्या शहरातून परतावे हे पुस्तक वाचल्यावर ठरते. टोकियोला उतरून ओसाकाहून परतले तर शिंकान्सेनचे एक मोठे भाडे वाचते, आणि परतीचे तिकीट टोकियोचेच काढून झाल्यावर ते वाचून काही फायदा नसतो.

पुस्तक घेतल्यावर आपल्या मार्गातल्या प्रत्येक स्थळापुढे पेन्सिलीने अधिकृत संकेतस्थळावरची सध्याची वेळ, दर आणि आरक्षणाची अट लिहून तपासल्याची तारीख टाकावी. सगळ्यात आधी ज्यांची तिकिटे आगाऊच मिळतात ती स्थळे तपासावीत, कारण तिथे उशीर भरून काढता येत नाही. मग रेल्वे, मग शुल्क. फुजी पर्वतावर योशिदा नावाच्या वाटेने चढणाऱ्यांकडून २०२४ च्या उन्हाळ्यात २,००० येन घेण्यास सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी ते ४,००० झाले. परदेशी प्रवाशांच्या करमुक्त खरेदीची पद्धत १ नोव्हेंबर २०२६ पासून बदलणार असून दुकानात आधी कर भरायचा आणि देश सोडताना परतावा घ्यायचा, अशी ती असेल. त्यानंतर जाणाऱ्यांनी पुस्तकातले खरेदीचे पान या बदलाशी ताडून पाहावे. रेस्टॉरंटांची तपासणी सर्वांत शेवटी, निघण्याच्या आधीच्या आठवड्यात करावी, कारण ती सर्वांत लवकर बंद पडतात.